उघड्या टपाच्या गाडीची ऑप्शन यादी: एका खरेदीचं प्रकरण

गाडीबद्दल वाद नव्हता. ९९२ पिढीची पोर्शे ९११ कॅरेरा कॅब्रिओले, २०२४ च्या फेरबदलाआधीची, मागच्या चाकांवर चालणारी, पीडीके म्हणजे आपोआप बदलणाऱ्या आठ गिअरच्या गिअरबॉक्सची. प्रश्न होता तो कन्फिगरेटरमधून, म्हणजे गाडीचे ऑप्शन निवडायच्या कंपनीच्या वेबपानावरून, छापून आमच्याकडे सल्ल्याला आणलेल्या ऑप्शनच्या यादीचा.

ग्राहक म्हणजे पन्नाशीतले नवरा-बायको. रोजच्या कामाला घरात दुसरी गाडी आहे. ही गाडी वर्षाला साधारण ८,००० किमी चालणार, बहुतेक सुट्टीच्या दिवशी. नऊ वर्षांचा मुलगा कधीमधी मागे बसणार. ऊन कडक, चार महिने पाऊस, रस्ते बरे ते खराब. गाडी उभी राहणार ती तळघरातल्या पार्किंगमध्ये, आणि तिथे उतरायचा रॅम्प चांगलाच तीव्र आहे. पाच-सहा वर्षांनी गाडी विकायचा विचार. ऑप्शनसाठी त्यांनी मूळ किमतीच्या १५ टक्के रक्कम बाजूला ठेवली होती. पहिली यादी २६ टक्क्यांवर गेली.

त्या यादीत होतं ते असं: पुढे २० आणि मागे २१ इंची चाकं, सिरॅमिक ब्रेक, बर्मेस्टर साउंड सिस्टीम, १८ प्रकारे हलणाऱ्या स्पोर्ट सीट, डॅशबोर्डसकट सगळीकडे फिकट बेज चामडं, चकचकीत कार्बनची सजावट, स्पोर्ट एक्झॉस्ट, स्पोर्ट क्रोनो पॅकेज, आणि शेवटी रंगीत सीटबेल्ट, चामडं चढवलेले एसीचे झरोके, हवा शुद्ध करणारा आयोनायझर अशी किरकोळ खरेदी. हवा खेळणाऱ्या सीट नव्हत्या. पुढचं नाक उचलणारी लिफ्ट नव्हती. मॅट्रिक्स हेडलाइटही नव्हते. मथळा झाकून वाचली असती तर ही यादी बंद छताच्या कूपेची आहे असंच कुणीही म्हटलं असतं.

टप उघडा राहण्याचे तास

यादीला हात लावण्याआधी ग्राहकांना एकच गोष्ट लिहून काढायला सांगितली: टप नेमका केव्हा उघडणार? उत्तर प्रामाणिक होतं. उन्हाळ्यात सकाळी सहा ते साडेआठ आणि सूर्य मावळल्यावर. पावसाळ्यात उघडीप मिळेल तेव्हा. थंडीत जवळजवळ दिवसभर. भर दुपारी कधीच नाही.

या उत्तराने यादीचा अर्धा निकाल लागला. कूपे सोडून उघड्या टपाची गाडी घ्यायला माणूस जादा पैसे देतो, सुमारे ७० किलो जादा वजन पत्करतो आणि मागे नीट दिसत नाही तेही सोसतो, ते सगळं या तासांसाठी. म्हणून प्रत्येक ऑप्शनला पहिला प्रश्न हा, की यामुळे टप उघडा राहण्याचे तास वाढतात का, किंवा त्या तासांत काही सुधारतं का? दुसरा प्रश्न, ही गोष्ट कारखान्यातच बसते की नंतरही बसवता येईल? सीट, हेडलाइट, लिफ्ट, ब्रेक, आतलं चामडं आणि मागची चाकं वळवणारी यंत्रणा नंतर बसवायची म्हटली तर एकतर बसत नाही, नाहीतर गाडी निम्मी सोडवावी लागते. चाकं, सायलेन्सर, मॅट आणि चाकांच्या टोप्या मात्र कधीही येतात. हौसेला मोल नाही हे खरं, पण पुढच्या वर्षीही करता येणारी हौस आजच्या यादीत कोंबायची गरज नाही.

नवऱ्याला एक शंका कापडी टपाचीच होती: पत्र्याचा घडीचा टप जास्त चांगला नाही का? ही फॅशन येऊन गेली. मर्सिडीझची एसएल २००१ पासून दोन पिढ्या पत्र्याच्या घडीच्या टपावर होती. २०२१ साली आलेली एसएल पुन्हा कापडावर आली आणि टपाचं वजन २१ किलोंनी उतरलं. बीएमडब्ल्यूनेही २०२० च्या ४ सीरीज कन्व्हर्टिबलला कापडच दिलं. पत्र्याची घडी जड, उंच आणि डिकी खाणारी असते. शिवाय वजन गाडीच्या सगळ्यात वरच्या भागात बसतं, जिथे ते अजिबात नको. ९११ च्या टपात कापडाखाली मॅग्नेशियमचे पट्टे आहेत, त्यामुळे वेगात तो फुग्यासारखा फुगत नाही, आणि मागची काच खरी, तापणाऱ्या तारांची आहे.

टप उघडायला किंवा मिटायला साधारण १२ सेकंद लागतात आणि ५० किमी वेगापर्यंत हे चालत्या गाडीत होतं. पहिले थेंब पडल्यावर ताशी ५० च्या वेगाने गाडी तेवढ्यात १६७ मीटर जाते, म्हणजे थांबायची गरज नाही. मर्सिडीझच्या सीएलई कॅब्रिओलेचा टप २० सेकंद घेतो पण ६० किमीपर्यंत हलतो. नुसते सेकंद मोजून गाड्यांची तुलना करण्यापेक्षा वेगाची मर्यादा बघा. वाहत्या रहदारीत मागून हॉर्न न खाता टप मिटतो की नाही, हे तिच्यावर ठरतं.

चाकं: इथे सगळ्यात जास्त वेळ गेला

शोरूमच्या डेमो गाडीला २०/२१ इंची चाकं होती. नवरा तीच मागत होता, कारण गाडी तीत देखणी दिसते. यात खोटं काही नाही. पण आकडे मांडून बघू. स्टँडर्ड टायर पुढे २३५/४० आर १९, मागे २९५/३५ आर २०. दुसरा आकडा म्हणजे रुंदीच्या किती टक्के टायरची भिंत उंच आहे. पुढे २३५ चे ४० टक्के म्हणजे ९४ मिमी, मागे २९५ चे ३५ टक्के म्हणजे १०३ मिमी. मोठ्या चाकांवर पुढे २४५/३५ आर २०, म्हणजे ८६ मिमी, आणि मागे ३०५/३० आर २१, म्हणजे साडे-एक्क्याण्णव. पुढे ८ आणि मागे जवळपास १२ मिमी रबर कमी होतं. खड्ड्याची धार आणि रिमची कड यांच्यात उरलेलं अंतर हेच. ते संपलं की टायरची भिंत दोघांमध्ये चिमटली जाते, आतले धागे तुटतात आणि दोन-तीन दिवसांनी बाहेरून गाठ दिसते. गाठ आलेला टायर दुरुस्त होत नाही. या गाडीत स्टेपनी नसते, पंक्चरचा द्राव आणि छोटा काँप्रेसर असतो, आणि भिंत फाटल्यावर त्या द्रावाचा काडीचा उपयोग नाही.

ही कूपेलाही लागू होणारी बाजू झाली. उघड्या गाडीत त्यात आणखी एक भर पडते. कूपेचं छत हा पुढची काच आणि मागचं धड बांधून ठेवणारा भाग असतो. तो काढला की कारखान्यात तळाच्या कडा आणि काचेचे खांब मजबूत करून भरपाई केली जाते, तरी थोडी पिळवट राहतेच. खराब रस्त्यावर ती आरशाच्या थरथरीत आणि स्टिअरिंगच्या कंपनात दिसते, टप बंद असेल तर दाराची काच रबरावर कुरकुरते. आजच्या गाड्यांमध्ये हे फार कमी झालंय, पण शून्य नाही. उंच भिंतीचा टायर धक्क्याची धार आधीच बोथट करतो, आणि धडापर्यंत उरलेला धक्काच पोचतो. त्यामुळे कूपेवर निव्वळ दिसण्यापुरता असलेला चाकांचा निर्णय कॅब्रिओलेवर गाडीच्या स्वभावाचा निर्णय होतो.

पटवून देण्यापेक्षा दाखवणं सोपं होतं. स्टँडर्ड चाकांची दुसरी गाडी मिळवली आणि दोन्ही एकाच तुटक्या रस्त्यावर, ताशी ४० च्या वेगाने, आधी टप उघडून आणि मग मिटून चालवल्या. चालवणाऱ्याने रस्ता बघायचा, शेजारच्याने फक्त मधल्या आरशात मागच्या गाडीची नंबरप्लेट वाचायची. मोठ्या चाकांवर एका ठरावीक पट्ट्यात आकडे पुसट झाले, छोट्या चाकांवर वाचता आले. हा निकाल बायकोने दिला, आणि तो चर्चेने लागला नसता.

टायर बदलायची वेळ येईल तेव्हा एक लक्षात ठेवायचं: भिंतीवर ‘एन’ खूण असलेले टायर पोर्शेने स्वतः तपासून मान्य केलेले असतात, आणि एका अ‍ॅक्सलवर वेगवेगळे टायर चढवणं या गाडीत परवडत नाही.

ऊन, चामडं आणि तिरीप

बंद गाडीत आतला रंग हा आवडीचा विषय. उघड्या गाडीत त्यातलं बरंचसं भौतिकशास्त्र ठरवतं.

पहिल्या यादीतला डॅशबोर्ड वरपर्यंत फिकट बेज होता. फिकट डॅश उन्हात पुढच्या काचेत उमटतो, आणि समोरचा रस्ता पांढुरक्या पडद्यातून बघावा लागतो. शोरूमच्या छपराखाली हे दिसत नाही, म्हणून गाडी उन्हात, नाक सूर्याकडे करून उभी करून बघायची. डॅशचा वरचा भाग गडद आणि खालचा फिकट असा दुरंगी पर्याय जवळपास प्रत्येक प्रीमियम कंपनीकडे असतो. तोच घ्यावा.

सीटचं उलट. काळं चामडं टप उघडून उन्हात अर्धा तास राहिलं की मांडीला चटका बसतो. अतिफिकट चामड्यावर नव्या जीन्सचा निळा रंग उतरतो, विशेषतः घाम आला की, आणि खोल गेलेला डाग साफ करण्याच्या नादात चामड्यावरचा लेपच निघतो. मध्यम तपकिरी किंवा करडा रंग या दोहोंच्या मधला. सूर्याची उष्णता परतवणारे रंग वापरलेलं चामडंही काही कंपन्या देतात. बीएमडब्ल्यूने ते ३ सीरीज कन्व्हर्टिबलमध्ये २००७ च्या सुमारास आणलं. ज्या गाडीच्या यादीत ते असेल तिथे विचार करू नये, घ्यावं. इथे तपकिरी ठरलं.

हवा खेळणाऱ्या सीट या यादीतली सगळ्यात मोठी उणीव होती. त्या हवा थंड करत नाहीत. सीटमधले पंखे गाडीतलीच हवा भोकाभोकांच्या चामड्यातून खेळवतात, आणि पाठीचा घाम वाळतो. पण उघड्या गाडीत एसी समोरून कितीही थंड झोत मारो, पाठ सीटला चिकटलेलीच असते, आणि माणूस टप मिटतो तो बहुतेक वेळा पाठीच्या घामामुळे, डोक्यावरच्या उन्हामुळे नाही. एवढ्या स्वस्तात टप उघडा राहण्याचे तास वाढवणारा दुसरा ऑप्शन या यादीत सापडला नाही. एक काळजी घ्यावी लागते: चामड्याला लावायचं मलम जाड थापलं की भोकं बुजतात. मऊ कापडाला थोडंसं लावून पुसायचं, मग सुक्या ब्रशने भोकं मोकळी करायची.

थंड प्रदेशात हाच न्याय गरम सीट, गरम स्टिअरिंग आणि मानेवर उबदार झोत सोडणाऱ्या यंत्रणेला लागतो. मर्सिडीझची एअरस्कार्फ २००४ च्या एसएलकेमध्ये आली ती याच हिशेबाने. या ग्राहकांना त्याची गरज नव्हती.

१८ प्रकारे हलणाऱ्या सीटच्या कडा उंच असतात आणि कंबर घट्ट धरतात. टप बंद असताना खाली वाकून आत शिरणं आणि त्या कडेवरून घसरत बाहेर येणं दोघांनी चार-चार वेळा करून पाहिलं. तेवढ्यात १४ प्रकारे हलणारी साधी आरामशीर सीट ठरली. शोरूममध्ये लोक नेहमी टप उघडून सीटवर बसतात. ते चूक. अडचण टप बंद असतानाच कळते.

चकचकीत कार्बनच्या पट्ट्याही गेल्या. काळा चमकदार पृष्ठभाग किंवा घासलेलं अ‍ॅल्युमिनियम, दोन्हींवरून उघड्या टपाखाली डोळ्यांवर तिरीप येते, आणि दुपारी चार वाजता ती नेमकी गिअरच्या आसपासून उसळते. मॅट फिनिश घ्या. स्क्रीनचंही तसंच. नव्या एसएलमध्ये मधली स्क्रीन १२ ते ३२ अंशांपर्यंत कलवता येते, आणि ती सोय खास या तिरिपेसाठीच आहे. अशी सोय नसेल तर टेस्ट ड्राइव्हमध्ये सूर्य पाठीमागे ठेवून स्क्रीन वाचता येते का ते बघा. पोलराइज्ड गॉगल वापरत असाल तर तोच घालून जा. काही स्क्रीन त्यातून काळवंडतात आणि काचेवर आकडे दाखवणारा हेड-अप डिस्प्ले जवळजवळ नाहीसा होतो. उघड्या गाडीत गॉगल घालायचाच असतो, तेव्हा त्या डिस्प्लेचे पैसे देण्याआधी हा प्रयोग कराच.

वारा कुठून येतो

पहिल्यांदा बसणाऱ्याला वाटतं की वारा समोरून येईल. समोरचा वारा काचेवरून वर निघून जातो. त्याच्या मागे सीटच्या जागी दाब कमी होतो, आणि ती पोकळी भरायला हवा मागून, डिकीच्या बाजूने उलटी फिरून पुढे येते. मानेवर बसतो तो हा उलटा वारा. मागच्या सीटवर उभी राहणारी जाळी, म्हणजे विंड डिफ्लेक्टर, त्यालाच अडवते. या गाडीत ती विजेवर उभी राहते, दोनेक सेकंदांत, १२० किमी वेगापर्यंत, आणि ती मुळातच येते. पुष्कळ गाड्यांमध्ये ती हाताने बसवायची जाळी असते आणि ऑप्शन म्हणून विकली जाते. तिथे ती न घेणं म्हणजे हायवेवर टप मिटून जाणं.

पण जाळी उभी असताना मागे कुणी बसू शकत नाही. मुलगा मागे असेल त्या दिवशी जाळी नाही, आणि सगळ्यात वाईट वारा त्यालाच लागणार. ताशी ८० च्या वेगाने, चारही काचा वर करून, मुलाला मागे बसवून दहा मिनिटं चालवून पाहिलं. मुलाला मजा आली, पण मागे-पुढे बोलणं जवळजवळ अशक्य होतं. मुलगा बरोबर असेल तेव्हा हायवेवर टप मिटायचा, हे खरेदीआधीच ठरलं. पैशाने सुटणारा हा प्रश्न नव्हता. ज्यांना चौघांनी रोज उघड्या टपाने फिरायचंय त्यांनी दोन अधिक दोनची, म्हणजे मागे फक्त दोन छोट्या सीट असलेली, गाडी बघूच नये, खऱ्या चार सीटची बघावी.

अंधार आणि रॅम्प

उन्हाळ्यातले टप उघडा राहण्याचे तास पहाटे आणि सूर्यास्तानंतरचे निघाले, ते आठवा. म्हणजे ही गाडी उघडी असेल तेव्हा बऱ्याचदा अंधार किंवा संधिप्रकाश असेल. उन्हाच्या देशात उघड्या गाडीला हेडलाइटची गरज जास्त, हे ऐकायला उफराटं वाटतं, पण हिशेब तसाच येतो. मॅट्रिक्स हेडलाइटमध्ये प्रत्येक दिव्यात ८४ एलईडी स्वतंत्रपणे विझतात, त्यामुळे समोरून येणाऱ्या गाडीपुरता अंधार ठेवून बाकी रस्ता हाय बीमवर राहतो. हा ऑप्शन नंतर येत नाही. तो आत आला. ऑर्डर देण्याआधी एवढंच विचारून घ्यायचं, की आपल्या देशासाठीच्या गाडीत ही सोय चालू असते का. काही बाजारपेठांत दिवे तेच, पण नियमांमुळे काम वेगळं.

पुढची लिफ्ट गाडीचं नाक सुमारे ४० मिमी उचलते. तीव्र रॅम्प जिथे सपाटीला मिळतो तिथे पुढचा ओठ घासतो, आणि तिरकं चालवून वाचवायचं म्हटलं तर तळघराचा रॅम्प तेवढा रुंद नसतो. टेप घेऊन मोजत बसण्यापेक्षा शोरूमकडून लिफ्ट नसलेली गाडी अर्ध्या तासासाठी मागून प्रत्यक्ष रॅम्पवर न्यावी, पुढे एकाला वाकून बघायला उभं करावं. इथे फट जेमतेम एका बोटाची उरली, आणि तीही फक्त दोघं बसलेली असताना. लिफ्ट घेतली.

टप बंद असताना मागच्या कोपऱ्यात मोठा आंधळा भाग असतो, म्हणून लेन बदलताना इशारा देणारी यंत्रणाही घेतली. चारही बाजूंचे कॅमेरे सोडले. पार्किंगचे सेन्सर पुरतात.

ब्रेक, आवाज आणि बाकी

सिरॅमिक ब्रेक हा यादीतला सगळ्यात महाग ऑप्शन होता. त्याच्या चकत्या लोखंडी चकत्यांच्या जवळपास निम्म्या वजनाच्या असतात, आणि ट्रॅकवर सलग तापवल्या तरी धरतात. आठवड्याला शंभर-दीडशे किमी मोकळ्या रस्त्याने फिरणाऱ्या गाडीला त्याचा उपयोग काय? चाकांवर काळी भुकटी कमी बसते, एवढाच. त्या पैशात लिफ्ट, सीटमधली हवा, १४ प्रकारे हलणाऱ्या सीट आणि मधली साउंड सिस्टीम एवढं सगळं येत होतं. चकती पकडणारे पिवळे कॅलिपर सुंदर दिसतात, हे मान्य.

साउंडमध्ये बर्मेस्टर सोडून बोस घेतली. टप उघडल्यावर ताशी ८० ला वाऱ्याचा आवाज बारीकसारीक सूर गिळतो, उरतो तो खर्ज आणि मोठा आवाज. महागड्या सिस्टीमची नजाकत टप बंद असतानाच ऐकू येते. अगदी साधी सिस्टीम मात्र घेऊ नये, ती उघड्यावर किरकिरते. फोनवर बोलणाऱ्यांनी माइक कुठे आहे ते बघावं. ऑडीच्या काही उघड्या गाड्यांत तो सीटबेल्टमध्येच बसवलेला असतो, आणि फरक पलीकडच्याला लगेच कळतो.

स्पोर्ट एक्झॉस्टवर आमच्यात एकमत झालं नाही. तो नंतरही बसवता येतो, मग आत्ता का? शेवटी घेतला, कारण आवाज मोकळेपणी ऐकू येतो तो उघड्या गाडीतच, आणि कारखान्यातून आला की कागदपत्रं आणि वॉरंटी सरळ राहतात. स्पोर्ट क्रोनो पहिल्याच प्रश्नाला नापास होत होतं, तरी ठेवलं. स्टिअरिंगवरची मोडची चकती, इंजिनाचे कमी-जास्त कडक होणारे माउंट (टेकू) आणि २० सेकंदांसाठी पूर्ण जोर देणारं बटण यांत टपाशी संबंधित काही नाही. पण जुनी ९११ बघायला येणारा माणूस आधी ती चकती शोधतो.

आयोनायझर काढला. उघड्या गाडीत हवा शुद्ध करणं हा विनोद आहे.

टपाचा रंग काळा, निळा, लाल आणि तपकिरी यांतून तपकिरी. गडद निळा आणि लाल छान दिसतात, पण सतत उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचे तेच आधी विटतात. तळघरात राहणाऱ्या गाडीला ही भीती कमी. इथे तपकिरी ठरला तो निव्वळ आवडीने.

ऑर्डरचा कागद आणि ताबा

कन्फिगरेटरचा छापील कागद आणि डीलरने कारखान्याला पाठवलेली ऑर्डर या दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक ऑप्शन काढला की त्याला बांधलेला दुसरा गुपचूप निघतो, किंवा नको असलेला आत येतो. इथे १८ ऐवजी १४ ची सीट निवडताना सीटमधली हवा यादीतून गळाली होती, आणि ती दुसऱ्या वाचनात सापडली. प्रत्येक ऑप्शनचा कोड ओळीने जुळवायचा, बदल करायची शेवटची तारीख लेखी मागायची, आणि त्या तारखेआधी आठवडाभर पुन्हा एकदा कागद वाचायचा. ‘हीच गाडी, फक्त दोन ऑप्शन वेगळे, उद्या मिळेल’ हा फोन ठरलेला असतो. ते दोन कोणते, ते आधी विचारा. इथे नसलेली एक गोष्ट लिफ्ट होती.

ताबा घेताना टप किमान तीनदा पूर्ण उघडून मिटवला. दोन्ही बाजू एकाच वेळी हलतात का, मागचं झाकण सारख्या फटीने बसतं का, शेवटी चारही काचा पूर्ण वर जातात का, हे बाहेर उभं राहून बघायचं. मग साध्या पाइपने, दाब न देता, दहा मिनिटं टपावर आणि काचांच्या कडांवर पाणी. नंतर काचेच्या खांबांचं वरचं टोक, दाराच्या रबराची खालची कड आणि सीटमागचं कार्पेट हाताने चाचपायचं. ओल असेल तर सही करायची नाही. दाबाच्या पाण्याची नळी मात्र या शिवणींवर कधीच मारू नये, ना त्या दिवशी ना नंतर.

टप घडी होऊन बसतो त्या खणाच्या कोपऱ्यांत पाणी वाहून जायच्या नळ्या असतात. पानं आणि धूळ साचून त्या तुंबल्या की पाणी आत उतरतं, आणि बिघाड आधी दिसतो तो विजेच्या वायरिंगमध्ये, ओल्या कार्पेटमध्ये नंतर. पावसाळ्याआधी त्या साफ करून घ्यायच्या. ओला टप घडी करून रात्रभर ठेवायचा नाही, कापडाला बुरशी धरते. रबरांना वर्षातून दोनदा रबरासाठीचंच वंगण लावलं की काचेची कुरकुर बहुतेक वेळा थांबते. गाडी तीन आठवड्यांहून जास्त उभी राहणार असेल तर बॅटरी मेंटेनर लावावा, आणि तो बॅटरीच्या जातीला चालणारा हवा. लिथियम बॅटरीला जुन्या पद्धतीचा, सल्फेट काढणारा चार्जर लावू नये. व्होल्टेज पडलं की दार उघडताना काच किंचित खाली सरकत नाही, टप अर्ध्यात थांबतो, आणि माणूस उगाच टपाच्या मोटरला दोष देतो.

वर्षभरानंतर

अंतिम यादी साडेचौदा टक्क्यांवर थांबली होती. सीटमधली हवा आणि लिफ्ट जवळजवळ प्रत्येक फेरीला वापरात येतात. बोसबद्दल तक्रार नाही. पुढच्या डाव्या टायरने एक मोठा खड्डा खाल्ला, रिमला ओरखडाही आला नाही.

चुकलं ते एका जागी. मागची चाकं वळवणाऱ्या यंत्रणेचा विषय शेवटच्या बैठकीत निघाला होता, पण ती साध्या कॅरेरावर मिळत नव्हती, त्यासाठी कॅरेरा एस घ्यावी लागली असती. ताशी ५० च्या खाली मागची चाकं पुढच्यांच्या उलट दिशेला थोडी वळतात आणि गाडी लहान जागेत फिरते, ८० च्या वर ती त्याच दिशेला वळतात आणि गाडी वेगात स्थिर राहते. नवऱ्याने तो विचार सोडला आणि रंगीत सीटबेल्ट आणि चामडं चढवलेले एसीचे झरोके यादीत पुन्हा घातले. आता रॅम्पच्या तळाशी असलेल्या वळणावर गाडी एका दमात वळत नाही, दर वेळी एकदा मागे घ्यावी लागते, आणि झरोक्यांच्या चामड्याच्या घड्यांत बसलेली धूळ काढायला रंगकामाचा बारीक ब्रश लागतो. ही यंत्रणा नंतर बसवता येत नाही. पुढच्या गाडीसाठी बायकोने वेगळी यादी आत्ताच लिहून ठेवली आहे, आणि तिची पहिली ओळ मागच्या चाकांची आहे.